टेक्सास प्रजासत्ताकाच्या नोटा

राज्य लयाला गेले तरी त्याचे नाणे धातूच्या मोलाने उरते. शिवराई वितळवली तर तांबे हाती लागते, होन मोडीत काढला तर सोन्याचा भाव मिळतो. कागदी चलनाच्या नशिबी एवढाही आधार नाही. नोट हे सरकारने प्रजेला दिलेले वचन असते, आणि ते देणारे सरकारच नाहीसे झाले की ज्याच्या पेटीत ती शिल्लक राहिली असेल त्याच्या हाती सही-शिक्क्याचा एक कागद तेवढा उरतो. असे कागद जमविणारे लोक जगात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या लेखी अल्पायुषी राज्यांच्या नोटांचे मोल विशेष असते. कारण अशा राज्याचा उत्साह, त्याची ओढगस्त, त्याची उधळपट्टी आणि त्याची अखेरची निरवानिरव ही सारी हकिकत थोड्या वर्षांच्या मोजक्या कागदांवर लिहिलेली सापडते. पुरी दहा वर्षेही न टिकलेल्या टेक्सासच्या प्रजासत्ताकाचे चलन हे याचे उत्तम उदाहरण होय.

टेक्सास हा मूळचा मेक्सिकोचा मुलूख. त्यात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतून येऊन वसलेल्या लोकांनी मेक्सिकोच्या मध्यवर्ती सत्तेविरुद्ध उठाव केला, २ मार्च १८३६ रोजी ब्राझोस नदीकाठच्या वॉशिंग्टन या लहानशा वस्तीत स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला, आणि २१ एप्रिलला सॅन हासिंटोच्या लढाईत जनरल सॅम ह्यूस्टनने मेक्सिकोचा अध्यक्ष सांता आना याचा पराभव करून ते स्वातंत्र्य पदरात पाडून घेतले. राज्य निर्माण झाले खरे, पण त्याच्या खजिन्यात पहिल्या दिवसापासून खडखडाट होता. युद्धाच्या खर्चापायी १८३६ सालीच सुमारे साडेबारा लाख डॉलरांचे कर्ज डोक्यावर बसले होते. वस्ती विरळ होती. शेती मुख्यतः कापसाची आणि ती गुलामांच्या श्रमावर चाललेली, ज्या गुलामगिरीला प्रजासत्ताकाच्या घटनेनेच संरक्षण दिले होते. नाणी पाडण्याचा अधिकार घटनेने काँग्रेसला, म्हणजे तिथल्या विधिमंडळाला, दिला असूनही या प्रजासत्ताकाने आपले एकही नाणे कधी पाडले नाही. बाजारात जी काही चांदी फिरे ती जुन्या स्पॅनिश आणि मेक्सिकन नाण्यांची, झिजलेली आणि ठोकून चपटी झालेली. आणि जिथे तीही नसे तिथे गाईगुरे देऊन व्यवहार भागत. सरकारजवळ विपुल अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे जमीन. म्हणून सैनिकांचा पगार जमिनीच्या रूपाने दिला जाई, आणि ६४० एकरांची जमीन मिळण्याचा हक्क देणारे रोखे एकरी अर्ध्या डॉलरच्या दराने न्यू ऑर्लिन्समध्ये थॉमस टोबी या अडत्यामार्फत विकायला ठेवले जात. परंतु जमीन जिकडेतिकडे पडून असलेल्या मुलखात जमिनीच्या आश्वासनाला भाव तो किती येणार?

अशा स्थितीत सरकारने कागदी चलनाचा आश्रय घेतला, आणि तोही नेमका अशुभ मुहूर्तावर. मे १८३७ मध्ये न्यूयॉर्कच्या पेढ्यांनी आपल्या नोटांच्या बदल्यात सोने-चांदी देणे थांबविले आणि साऱ्या अमेरिकेत मंदीची लाट पसरली. त्यानंतर महिनाभरातच, ९ जून १८३७ रोजी, टेक्सासच्या काँग्रेसने पाच लाख डॉलरांच्या वचनचिठ्ठ्या काढण्याचा कायदा केला. या चिठ्ठ्यांची मुदत बारा महिन्यांची होती आणि त्यांवर शेकडा दहा टक्के व्याज मिळायचे होते. त्यांच्या दर्शनी बाजूवर एक लहानसा तारा छापलेला असल्यामुळे लोकांनी त्यांना ‘स्टार मनी’ म्हणायला सुरुवात केली, आणि आज संग्राहकही त्यांना ‘स्टार नोट’ याच नावाने ओळखतात. छपाई अगदी साधी, जवळजवळ पावतीपुस्तकाच्या धर्तीची होती. परंतु रक्कम मर्यादित होती, व्याज खरोखर मिळायचे होते, आणि सरकारी देणे भागविताना ही चिठ्ठी स्वीकारली जात होती; त्यामुळे काही महिने तरी तिने आपली दर्शनी किंमत बरीचशी राखली. पुढे न्यू ऑर्लिन्समध्ये कोरीव पट्ट्यांवरून छापलेल्या, दिसायला अधिक ऐटबाज अशा व्याजी नोटा आल्या. त्यांच्यावर अध्यक्ष म्हणून सॅम ह्यूस्टनचे नाव आहे. पण शेकडो नोटांवर सही करण्याचे काम त्याने डब्ल्यू. जी. कुक या आपल्या सहकाऱ्याकडे सोपविले होते, त्यामुळे ह्यूस्टनची सही समजून मोठ्या किमतीला घेतलेली नोट पुष्कळदा कुकच्या हस्ताक्षरातली निघते. संग्राहकाला हा तपशील ठाऊक नसेल, तर त्याची किंमत त्याला रोख मोजावी लागते.

डिसेंबर १८३८ मध्ये मिराबो लमार अध्यक्ष झाला. स्वभावाने कवी, आकांक्षेने साम्राज्यकर्ता. सार्वजनिक शिक्षणासाठी जमिनी राखून ठेवण्याचे श्रेय त्याला दिले जाते आणि ते रास्त आहे. पण त्याच माणसाने चेरोकी लोकांना शस्त्रबळाने हुसकावून लावले, सरहद्दीजवळच्या निर्जन जागी ऑस्टिन नावाची नवी राजधानी वसविली, आरमार सांभाळले, आणि १८४१ साली सांता फेकडे एक मोहीम धाडली, जिच्यातली माणसे मेक्सिकोच्या कैदेत पडली. त्याच्या तीन वर्षांच्या कारकीर्दीत सरकारचा खर्च सुमारे अठ्ठेचाळीस लाख डॉलरांवर गेला आणि वसूल झाला जेमतेम दहा-अकरा लाख. मधली तूट भरून काढण्यासाठी जानेवारी १८३९ पासून बिनव्याजी नोटा काढण्यात आल्या. त्यांच्या मागच्या बाजूला नारिंगी-तांबड्या रंगाची नक्षी होती म्हणून त्यांना ‘रेडबॅक’ असे नाव पडले. सप्टेंबर १८४० पर्यंत २७,८०,३६१ डॉलरांच्या अशा नोटा बाहेर पडल्या, आणि इतक्या नोटांमागे ना सोन्याचा साठा होता, ना चांदीचा, ना धड कराचा वसूल.

परिणाम व्हायचा तोच झाला. निघाली त्याच वेळी रेडबॅकच्या एका डॉलरला चांदीचे ३७ सेंट येत. १८४१ च्या अखेरीला तो भाव १२ ते १५ सेंटांवर आला. आणि १८४२ साली तर दोन सेंटांपर्यंत घसरला. फ्रान्सकडून पन्नास लाख डॉलरांचे कर्ज मिळाले की सारे सुरळीत होईल, ही लमारच्या सरकारची आशा. तिच्यावर ऑस्टिनमधल्या एका विलक्षण भांडणाचे सावट पडले. फ्रान्सचा प्रतिनिधी द्युब्वा द सालिग्नी आणि रिचर्ड बुलक नावाचा खाणावळवाला यांच्यात आधी बिलाच्या रकमेवरून आणि मग सालिग्नीच्या आवारात शिरून नासधूस करणाऱ्या बुलकच्या डुकरांवरून तंटा झाला. डुकरे मारली गेली, नोकराला मार बसला, आणि सालिग्नी १८४१ साली ऑस्टिन सोडून चालता झाला. हा प्रसंग टेक्सासच्या इतिहासात ‘डुकरांचे युद्ध’ म्हणून गाजलेला आहे. कर्ज फिसकटण्याचे सारे खापर त्या डुकरांवर फोडणे गमतीचे असले तरी न्यायाचे नाही. ज्या सरकारच्या नोटेला खुद्द त्याच्याच राजधानीत डॉलरामागे पंधरा सेंटही येत नव्हते, त्याला पॅरिसच्या सावकाराने कशाच्या भरवशावर रक्कम मोजावी?

डिसेंबर १८४१ मध्ये ह्यूस्टन पुन्हा अध्यक्ष झाला तो काटकसरीचा निश्चय करूनच. अध्यक्षाचे वेतन दहा हजार डॉलरांवरून पाच हजारांवर आले, कचेऱ्या बंद झाल्या, आरमार लिलावात काढायचे ठरले. मात्र गॅल्व्हेस्टनच्या नागरिकांनी दांडगाई करून तो लिलाव होऊ दिला नाही. १९ जानेवारी १८४२ च्या कायद्याने रेडबॅक बाजूला सारून ‘एक्स्चेकर बिल’ नावाचे नवे चलन सुरू झाले. त्याची मर्यादा अवघी दोन लाख डॉलरांची होती, आणि कर व जकात भरण्यासाठी सोन्या-चांदीखेरीज हेच एक चलन सरकार घेणार होते. पहिल्या काही महिन्यांत या बिलांचाही भाव डॉलरामागे पंचवीस सेंटांच्या आसपास गडगडला, तेव्हा काँग्रेसने जकात ठाण्यांना ती बिले दर्शनी किमतीऐवजी चालू बाजारभावाने घेण्याचे फर्मान काढले. मग मात्र हळूहळू विश्वास बसत गेला आणि प्रजासत्ताकाच्या अखेरीस ही बिले जवळजवळ दर्शनी किमतीला चालू लागली. ह्यूस्टनच्या या दुसऱ्या कारकीर्दीचा तीन वर्षांचा सारा खर्च सुमारे पाच लाख डॉलरांचा, म्हणजे लमारच्या खर्चाच्या नवव्या-दहाव्या हिश्शाइतका आहे. आपल्याकडे मुंबईत १८४० साली स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे याच काळात स्वतःच्या नोटा काढीत होती, आणि सरकारी कागदी चलन हिंदुस्थानात १८६१ च्या कायद्याने आले. कागदाला विश्वास कसा मिळवून द्यावा, या प्रश्नाशी त्या काळी सगळेच झगडत होते, फक्त टेक्सासला तो धडा फार थोड्या वर्षांत आणि फार महागात शिकावा लागला.

२९ डिसेंबर १८४५ रोजी टेक्सास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सामील झाले आणि १९ फेब्रुवारी १८४६ रोजी शेवटचा अध्यक्ष ॲन्सन जोन्स याने कारभाराची सूत्रे नव्या राज्य सरकारकडे सोपविली. विलीनीकरणाच्या ठरावात एक कलम मार्मिक होते : टेक्सासने आपल्या पडीक जमिनी स्वतःकडे ठेवाव्यात आणि आपली कर्जेही स्वतःच फेडावीत. परंतु जकातीचे उत्पन्न तर आता अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारकडे गेले होते, आणि ज्यांना जकातीचे तारण देऊन कर्ज घेतले होते ते सावकार स्वाभाविकच त्याच सरकारकडे तगादा लावू लागले. १८४८ साली राज्याने कर्जाची तपासणी सुरू केली, आणि प्रत्येक कागदाची दर्शनी किंमत न धरता तो कागद देताना प्रजासत्ताकाच्या पदरात प्रत्यक्ष काय पडले होते तेवढीच रक्कम मान्य करण्याचे धोरण स्वीकारले. १८५० च्या तडजोडीत सरहद्दीवरचा हक्क सोडल्याबद्दल अमेरिकेने टेक्सासला एक कोटी डॉलरांचे रोखे देऊ केले आणि त्यातले निम्मे जकातीच्या तारणावरील धनकोंसाठी रोखून धरले. अखेर १८५५ साली अमेरिकेच्या काँग्रेसने साडेसत्याहत्तर लाख डॉलर मंजूर केले आणि त्या वर्गातल्या धनकोंना डॉलरामागे सुमारे ७७ सेंट मिळाले. मृत राज्याच्या वचनांपैकी काहींची फेड झाली ती अशी, दुसऱ्याच्या खजिन्यातून आणि घासाघीस होऊन.

इथवरचा इतिहास ध्यानात घेतल्यावाचून टेक्सासच्या नोटांचा बाजार कळत नाही, कारण त्या बाजाराचे मूळ सूत्रच उफराटे आहे. ज्या चलनाचे वचन सरकारने पाळले ते चलन सरकारकडे परत गेले आणि नष्ट झाले. ज्याचे वचन मोडले ते लोकांच्या पेट्यांतून आणि सरकारी दप्तरातून उरले. स्टार नोट आणि एक्स्चेकर बिल ही या प्रजासत्ताकाची त्यातल्या त्यात प्रामाणिक अपत्ये, आणि आज तीच अत्यंत दुर्मीळ आहेत. मोठमोठ्या संग्रहांतही त्यांच्या जागा रिकाम्या दिसतात. उलट रेडबॅक, जिने असंख्य लोकांचे नुकसान केले, ती लिलावांत नेमाने येते आणि मध्यम ऐपतीच्या संग्राहकालाही लाभते. दुर्मिळतेला आपण एरवी प्रतिष्ठेचे लक्षण मानतो. येथे ती पतीचे लक्षण आहे.

रेडबॅक जवळून पाहण्यासारखी असते. कागद पातळ आणि चिंध्यांपासून केलेला, त्यामुळे पावणेदोनशेहून अधिक वर्षे लोटली तरी त्याचा लवचिकपणा टिकलेला असतो. दर्शनी बाजू काळ्या शाईत, धातूच्या पट्टीवर कोरून छापलेली. रेघा इतक्या बारीक की भिंगाशिवाय सुट्या दिसू नयेत. मागे नारिंगी-तांबड्या नक्षीचे जाळे, ज्याचा हेतू शोभेइतकाच बनावटगिरीला अडथळा करणे हाही होता. परंतु छापील मजकुरात जागोजाग रिकामी जागा सोडलेली असते आणि अनुक्रमांक व तारीख तेथे टाकाने भरलेली असते. सह्या दोन : एक अध्यक्षाची आणि एक खजिनदाराची. खजिनदार म्हणून एसा ब्रिगमची सही असेल तर ती स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या गृहस्थाची सही होय. त्या काळची लोहयुक्त शाई प्रथम काळी असते, पुढे तपकिरी होते आणि कालांतराने कागद कुरतडू लागते. त्यामुळे खऱ्या नोटेवरची सही उजेडात धरली असता काही ठिकाणी कागदाच्या आरपार उतरलेली दिसते. राजधानीचे नावही पाहावे. ह्यूस्टन गावी निघालेल्या आणि ऑस्टिनला निघालेल्या नोटा सूचीकार वेगळ्या मोजतात, आणि ग्रोव्हर क्रिसवेलच्या सूचीत पहिल्यांना ‘एच’ व दुसऱ्यांना ‘ए’ हे अक्षर लावून क्रमांक दिले आहेत. बाजारात नोटेची ओळख त्याच क्रमांकाने सांगितली जाते. बॉब मेडलरने १९६८ साली टेक्सासच्या जुन्या नोटांची जी सूची प्रसिद्ध केली तीही अभ्यासकाच्या हाताशी असावी. जेम्स बेव्हिलचा २००९ चा ‘द पेपर रिपब्लिक’ हा ग्रंथ नोटांमागच्या अर्थकारणाचा उलगडा करतो.

आणि मग त्या नोटेवरचे छेद. खजिन्यात परत आलेली नोट पुन्हा चलनात जाऊ नये म्हणून अधिकारी तिला धारदार अवजाराने छेद देत आणि हिशेबाचा पुरावा म्हणून तिचे गठ्ठे बांधून ठेवीत. आज बाजारात दिसणाऱ्या रेडबॅकपैकी बहुसंख्य अशा छेद दिलेल्या असतात. छेद नसलेली नोट कमी आढळते म्हणून तिला भाव जास्त. आणि म्हणूनच छेद कौशल्याने चिकटवून, कागदाचे तंतू जुळवून, नोट अखंड असल्याचा आव आणणारे कारागीरही आहेत. तिरप्या प्रकाशात पृष्ठभाग पाहिला आणि पाठीमागून उजेड दिला की बहुतेक वेळा ही कारागिरी उघडी पडते. नव्या संग्राहकाने छेदाला कमीपणा मानू नये. तो छेद म्हणजे कोणाच्या तरी हातून ही नोट कर म्हणून वा रोख्याच्या बदल्यात खजिन्यात पोहोचल्याची खूण आहे. अखंड राहिलेल्या नोटेच्या मालकाला बहुधा काहीच मिळालेले नसते.

फसवणुकीचे मार्ग आणखीही आहेत. सर्वांत मामुली प्रकार म्हणजे पर्यटकांसाठी छापलेल्या आठवणीच्या प्रती. मुद्दाम पिवळट केलेल्या, कुरकुरीत कागदावर छापलेल्या या प्रतींवर सह्या आणि अनुक्रमांकसुद्धा छापीलच असतात, त्यामुळे एकच अनुक्रमांक हजारो घरांत आढळतो. आजोबांच्या ट्रंकेत सापडलेली म्हणून जी नोट सराफाकडे येते ती पुष्कळदा अशीच असते. दुसरा घोटाळा अज्ञानाचा : अमेरिकेच्या यादवी युद्धात टेक्सास राज्याने काढलेली खजिन्याची वॉरंटे प्रजासत्ताकाच्या नोटा म्हणून विकली जातात. तारीख १८६१ वा त्यानंतरची असेल तर तो कागद वेगळ्याच सरकारचा आहे, एवढे लक्षात ठेवले की पुरे. तिसरा धोका गंभीर आहे. १९८० च्या दशकात टेक्सासच्या क्रांतिकाळातल्या छापील दस्तऐवजांच्या सफाईदार बनावट प्रती नामांकित संग्रहालयांत आणि ग्रंथालयांत पोहोचल्याचे उघड झाले, सरकारी दप्तरखान्यांतून पूर्वी गेलेल्या चोऱ्यांकडेही त्या निमित्ताने लक्ष गेले, आणि डब्ल्यू. थॉमस टेलर या पुस्तकविक्रेत्याने १९९१ साली ‘टेक्सफेक’ या ग्रंथात त्याची साद्यंत हकिकत मांडली. तेव्हापासून जाणता संग्राहक कागदाबरोबरच कागदाचा पूर्वेतिहास, म्हणजे तो कोणाच्या संग्रहातून, कोणत्या लिलावातून आणि कोणत्या पावतीनिशी आला, याचीही विचारपूस करतो.

संग्रह एकदा सुरू झाला की त्याची हद्द आपोआप रुंदावते. १८३६ सालची हिशेबनिसांनी तपासून मंजूर केलेली देणी, टोबीचे जमिनीचे रोखे, दहा टक्के व्याजाच्या ‘कन्सॉलिडेटेड फंडा’ची मोठाली प्रमाणपत्रे आणि गॅल्व्हेस्टनच्या मॅकिनी-विल्यम्स पेढीला १८४१ साली काँग्रेसने काढू दिलेल्या तीस हजार डॉलरांच्या खासगी नोटा, हे सारे एकाच कुटुंबातले कागद आहेत. या शेवटच्या उदाहरणातला बोध सरकारला लाजविणारा होता : सार्वभौम राज्याच्या नोटेपेक्षा एका व्यापारी पेढीच्या नोटेवर लोकांचा भरवसा अधिक होता.

या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या वाचकाला एवढेच सांगायचे की पहिली खरेदी स्टार नोटेची किंवा एक्स्चेकर बिलाची करण्याचा हव्यास धरू नये. त्यासाठी पैसा लागतोच, पण त्याहून अधिक लागते ती पारख, आणि ती पैशाने विकत मिळत नाही. प्रथम सूची घ्यावी, लिलावांची जुनी चित्रे भिंगाखाली पाहावीत, आणि मग भरवशाच्या व्यापाऱ्याकडून पावतीसह, छेद दिलेली, मध्यम स्थितीतली एक रेडबॅक घ्यावी. ती कोणत्याही रसायनाने धुऊ नये, इस्त्री करू नये, चिकटपट्टी लावू नये आणि प्लॅस्टिकच्या स्वस्त पिशवीत ठेवू नये. रासायनिक दृष्ट्या निरुपद्रवी अशा पॉलिस्टरच्या आवरणात, उजेडापासून आणि दमटपणापासून दूर ठेवावी. मुंबई-कोकणच्या हवेत यातली शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे.